डोंगरे सरांचं घाटावरचं बिऱ्हाड

डोंगरे सर मला पहिल्यांदा दिसले ते उताणे पडलेले. वडवणीत, एका परक्या माणसाच्या रिकाम्या खोलीत, नुसत्या फरशीवर. चपला दाराबाहेर, चष्मा छातीवर, हात पोटावर बांधलेले आणि डोळे मिटलेले. घरमालक उंबऱ्यात उभा होता. हे काय आपल्या घरात होऊन बसलं, अशा नजरेनं तो एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता.

"सर, उठा की आता," तो शेवटी म्हणाला.

"थांबा हो. अजून एकबी ट्रक गेला न्हाई," सर डोळे न उघडता म्हणाले.

मी त्याच दिवशी शाळेत रुजू झालो होतो. मुख्याध्यापकांनी माझी कागदपत्रं बघितली, चहा पाजला आणि "राहायचं डोंगरे सर बघतील" एवढं सांगून मला त्यांच्या हवाली केलं. डोंगरे सर भूगोल शिकवायचे. पण शाळेत नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला खोली बघून देणं हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं खरं काम होतं. आणि त्यांचा नियम असा, की खोली उभ्यानं बघायची नाही. पडून बघायची.

शेवटी एक ट्रक गेला. सर ताडकन उठून बसले. "शेटे सर, भिंत हलती. ही खोली न्हाई तुमच्या कामाची."

घरमालकानं हात जोडले. ते निरोपाचे होते की सुटकेचे, मला कळलं नाही.

त्या दिवशी आम्ही वडवणीतल्या अशा कितीतरी खोल्या पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी सर घरमालकाची उलटतपासणी घ्यायचे. पाणी किती वेळ येतं, लाइट जाते का, हे प्रश्न त्यांना बारीकसारीक वाटायचे. त्यांचा प्रश्न वेगळाच असायचा.

"शेजारी नवरा-बायको भांडतेत का?"

"थोडंफार चालतं सर," घरमालक चाचरत म्हणायचा.

"चांगलं हाय. बोलतेत तरी एकमेकाला."

मग स्वयंपाकघरात जाऊन ते ओट्यापुढे उभे राहायचे, हात हवेत धरून भाकरी थापल्यासारखं करायचे आणि समोर काय दिसतं ते बघायचे. समोर नुसती भिंत असली की खोली नापास. मी तेव्हा सडाफटिंग होतो, ओट्याशी माझा संबंध चहापुरता. तसं मी म्हणालोही. सर म्हणाले, "आज सडे हाव. उद्या कुणीतरी येईलच की. तिनं भिंतीकडं बघत जन्म काढावा का?"

आमच्या शाळेत ये-जा करणारे खूप. कुणी बीडहून यायचं, कुणी तेलगावहून, कुणी थेट अंबाजोगाईहून. त्यामुळे कुठं राहावं हा स्टाफरूममधला कायमचा विषय होता आणि त्यात डोंगरे सरांचा शब्द शेवटचा. त्यांची मतं ठरलेली. "मांजरसुंब्याला माणूस थांबतो, राहत न्हाई." "तेलगावला खुशाल राहा, पण ऊस चालू झाला की धूळबी ताटावर बसती तुमच्यासंगं." माझं गाव घाटनांदूर. ते ऐकल्यावर म्हणाले, "रेल्वे हाय तुमच्याकडं, म्हाईत हाय. पण ती तिच्या मनानं येती, तुमच्या शाळेच्या टायमानं न्हाई."

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा एकच प्रश्न असायचा. नवीन माणूस नोकरी, पगार, बसचं वेळापत्रक वगैरे सांगू लागला की ते हात वर करून त्याला थांबवायचे. "ते ऱ्हाऊ द्या. रात्रीचं ताट कुठं, ते सांगा." म्हणजे रात्री जेवायला कुणाबरोबर बसणार, तिथून हिशोब सुरू करा, बाकीचं मागाहून. एकदा एका नव्या मॅडमना हे आमंत्रण वाटलं. "तुमच्याकडंच येते की सर, कधी येऊ?" असं त्या आनंदानं म्हणाल्या. सर कानापर्यंत लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक डबा आणून मॅडमपुढे ठेवला. "रात्रीचं सकाळी आनलंय. गोड मानून घ्या."

आता यातली गंमत अशी, की सगळ्यांना शाळेजवळ खोल्या बघून देणारा हा माणूस स्वतः धारूरला राहायचा. धारूर डोंगरावर, शाळा डोंगराखाली, आणि मध्ये धारूरचा घाट. ज्यांनी तो घाट बघितला नाही त्यांना एवढंच सांगतो, की दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही ड्रायव्हर आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग ठरवतात कुणी मागं जायचं. सर रोज सकाळी एस्टीनं हा घाट उतरायचे आणि संध्याकाळी चढायचे.

बरं, घाटाची आवड म्हणावी तर तेही नाही. त्यांच्याइतका घाटाला घाबरणारा माणूस मी बघितला नाही. भर मे महिन्यात कानाला मफलर, पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, आणि घाट सुरू झाला की डोळे बंद. "पाटीलबाईंचं वळण आलं का?" असं मिटल्या डोळ्यांनी विचारायचे. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिथं आमच्या शाळेतल्या पाटीलबाईंना दर वेळी उलटी व्हायची. पुढं बोकडाचं वळण. तिथं म्हणे एकदा टपावरच्या बोकडानं उडी मारली होती, आणि बोकडामागं त्याच्या मालकानं.

स्टाफरूममध्ये यावरून थट्टा व्हायचीच. आडनाव डोंगरे आणि डोंगराला भिता, असं कुणीतरी म्हणायचं. मग दुसरा विचारायचा, "सर, एवढी भीती वाटते तर खालीच खोली का घेत नाही?"

सर मफलर सारखा करत म्हणायचे, "खाली राहून झालं माझं."

यापुढे ते बोलायचे नाहीत. एवढंच माहीत होतं, की त्यांच्या पत्नी नर्स होत्या, त्या वारल्या आहेत आणि मुलगा पुण्यात असतो.

पुढे माझं लग्न ठरलं. अश्विनी केजला एका बँकेत होती. केज घाटाच्या वर, मी घाटाच्या खाली. दोन्ही घरच्या मोठ्यांनी बसून पाच मिनिटांत निकाल लावला. ती केजला तिच्या आत्याकडे राहील, मी वडवणीत राहीन, शनिवार-रविवारी भेटायचं. एखाद्या वर्षात कुणाची तरी बदली होईलच. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. अश्विनी म्हणाली, "चालेल."

मी पेढे घेऊन स्टाफरूममध्ये गेलो आणि ही सगळी योजना सांगितली. डोंगरे सरांनी हातातला पेढा तसाच परत डब्यात ठेवला.

"म्हणजे रात्रीचं ताट?"

"सर, फक्त वर्षभर..."

"तुमचे वडील घरी कवा असतेत?"

मला वाटलं ते विसरतील. पण पुढच्या रविवारी सकाळी ते खरोखरच घाटनांदूरला आमच्या दारात हजर झाले. माझ्या वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान आहे. आमच्याकडे सोमवारचा उपास, घरात महादेवाची पिंड, वडिलांचा स्वभाव शांत पण धोरणी. त्यांनी सरांना गादीवर बसवलं, पाणी दिलं.

"डोंगरे सर, तुमचं नाव ऐकून हाव आमी," वडील म्हणाले. "आमच्या पोराला खोली तुमीच बघून दिली म्हणं."

"ती खोली मोडायला आलोय," सर म्हणाले. "दोघायला धारूरला घर घेऊन द्या. ती केजला जाईल, सपाट रस्ता हाय. ह्यो घाट उतरून शाळेला येईल."

"रोज घाट? सर, ल्योक हाय माझा."

"ल्योकच हाय म्हणून सांगायलोय."

आई दारामागून ऐकत होती. ती म्हणाली, "न्हाई बाई. त्या घाटात काय कमी गाड्या पडतेत का? लांब राहिले तरी चालतेल, पण जिवंत राहू द्या."

सरांनी बरीच समजूत घातली. घाटात एस्टी किती जपून चालवतात, सकाळी गर्दी किती कमी असते, असं बरंच काही. स्वतः डोळे मिटून बसणारा माणूस घाटाची तरफदारी करताना बघून मला हसू आवरेना. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग अगदी सरळ मनानं विचारलं, "सर, राग मानू नका. पर घाटात एवढं भेव वाटतं म्हणतेत तुमाला. मग तुमी कावून ये-जा करताव? तुमच्या तर घरीबी कुणी न्हाई."

चहा पुढ्यात आला होता, तो तसाच राहिला. "येतो," सर म्हणाले आणि उठले. मी स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. बसमध्ये चढताना ते म्हणाले, "शनिवारी दुपारी माझ्यासंगं धारूरला या. घर घेऊ नका. नुस्तं बघा."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. उसाचा हंगाम होता. तेलगाव सोडून बस घाटाला लागली आणि दोन वळणं चढून थांबली. पुढे ट्रॅक्टरमागची एक ट्रॉली कलंडली होती आणि सगळा ऊस रस्त्यावर पसरला होता. गाड्यांची रांग लागली. लोक खाली उतरले, कुणी ऊस मोडून खायला लागलं, कुणी ट्रॅक्टरवाल्याला शहाणपण शिकवायला लागलं.

डोंगरे सरही उतरले. दरीच्या बाजूला न बघता डोंगराच्या अंगाला एका दगडावर बसले आणि मला शेजारी बसवून घेतलं. मफलर सोडून मांडीवर घेतला. मग मी काही न विचारता ते बोलायला लागले.

"शीला सिस्टर होती. धारूरकडं आरोग्य केंद्रात. मी हितं वडवणीत. लगीन झालं तवा मी म्हणलं, मला घाट सोसत न्हाई, एस्टीचा भरवसा न्हाई, आपुन शनिवार-रविवारी भेटू. बदलीचा अर्ज टाकलाच हाय. ती म्हणली, बरं."

"मग?"

"मग काय, बरं. बदली झाली न्हाई. पोरगा झाला, तो तिच्याजवळ. मी शनिवारी वर, सोमवारी पहाटं खाली. पाऊस लई असला की शनिवारबी चुकायचा. मी फोन करून सांगायचो, ह्या वेळेस जमत न्हाई. ती म्हणायची, बरं. मला वाटायचं, तिला बरं वाटतंय म्हणून बरं म्हणती."

ट्रॅक्टरवाला ओरडत होता. कुणीतरी दोर मागवत होतं. सर मफलरच्या दशा एकमेकींत गुंफत होते.

"सगळी नोकरी अशीच गेली. आपुन रिटायर झाल्यावर एकत्र राहूच, असं दोघं म्हणायचो. मग एकदा ताप आला तिला. दोन-चार दिवस अंगावर काढला. मला सांगितलं न्हाई. म्हणली असंल, शनिवारी येतेलच. शेजारच्या खालाचा फोन आला, सिस्टरला अंबाजोगाईला हलवलंय, निघा. मी पोचलो. डॉक्टर आला आन म्हणला, पेशंटचं कोन हाय? मी म्हणलं, मी. नवरा."

त्यांनी गुंफलेल्या दशा पुन्हा सोडवल्या.

"तो म्हणला, यांना कोणतं औषध सोसत न्हाई? मला म्हाईत न्हवतं. शुगर कवापासून हाय? मला शुगर हाय हेच म्हाईत न्हवतं. आधी कशाचं ऑपरेशन झालंय का? आता काय सांगू, शेटे सर. मी नुस्ता उभा. मग मागून खाला बोलल्या. त्यांनी एकेक सगळं सांगितलं. गोळ्यांची नावंसुद्धा. डॉक्टर मग माझ्याकडं बघायचाच बंद झाला. जे काय विचारायचं ते खालाला. मी नवरा म्हणून बाजूला उभा."

"सर..."

"गेली तवा मी जवळ होतो. हातात हात होता. तेवढं मिळालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पुण्यानुमोदनाला लई माणसं आली. बायाच बाया. कुणाचं बाळंतपण केलेलं, कुणाच्या पोराला रात्रभर घेऊन बसलेली. बाया रडायच्या आन सांगायच्या, सिस्टर लई हसवायच्या. शीला? हसवायची? मला म्हाईत असलेली शीला गप बसायची. शनिवारी मी यायचो तवा घर आवरून, पोराला तंबी देऊन, पाहुणा यायचाय तशी बसलेली असायची. मी पाहुणाच होतो, शेटे सर. पाहुण्यापुढं कोन हसवतं?"

पुढं रस्ता मोकळा झाला असावा. कंडक्टरनं हाक मारली. सर उठले आणि मफलर परत कानाला गुंडाळू लागले.

"तिचं सामान आणायला गेलतो," ते म्हणाले. "ओट्यापुढं उभा राहिलो, तर समोर भिंत. हितं ती इतकी वर्षं उभी होती. तवा म्हणलं, आता हितंच राहावं. निदान ती कोन होती ते तरी कळंल."

धारूरचं त्यांचं घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली शीलाबाईंचा फोटो. नर्सच्या पांढऱ्या गणवेशातला, कुठल्यातरी ओळखपत्रासाठी काढलेला, म्हणून गंभीर. मध्ये एक लहानसं अंगण, आणि अंगणापलीकडे खालांचं दार. खाला म्हणजे साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. त्यांचे मिया कधीच गेले होते, मुलगा औरंगाबादेत गॅरेज चालवायचा.

संध्याकाळी सर तोंड धुऊन, स्वच्छ शर्ट घालून खालांच्या दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसले. पाहायला आलेला नवरदेव बसतो तसे, गुडघ्यांवर हात ठेवून. मला शेजारी बसवलं.

"खाला, आज काय?" ते म्हणाले.

खालांनी माझ्याकडे बघितलं, सुपारी कातरता कातरता थोडा विचार केला. "आज... हां. कोंबडीचं सांगितलं का तुमाला?"

"न्हाई बा."

"हौ, ते ऱ्हायलंच. सर, माझी एक कोंबडी होती, लई नाठाळ. एकदा उडाली ती त्या चिंचंवर जाऊन बसली. वर, पार शेंड्यापाशी. मी खालून बोंबलायली. सिस्टर ड्युटीवरून आल्या. म्हणल्या, खाला, रडता काय कोंबडीसाठी. पदर खोचला, आन चढल्या की झाडावर!"

"झाडावर?" सर पुढे झुकले.

"हौ. अर्ध्यात गेल्या आन वरून मला म्हणायल्या, खाला, हितून घाट दिसतो हो. मी म्हणलं, घाट ऱ्हाऊ द्या, कोंबडी धरा! तर कोंबडी आपली उडून खाली आली आन सिस्टर वरच अडकल्या. उतरता येईना. आजूबाजूची माणसं गोळा झाली. सिस्टर वर बसून हसायल्या नुस्त्या."

डोंगरे सर हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना कधीच बघितलं नव्हतं. आवाज न करता, सगळं अंग हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"साडी कोणती होती?" त्यांनी विचारलं.

खाला क्षणभर अडखळल्या. "निळी."

"निळी," सर म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "निळी."

दूध संपलं होतं म्हणून सर कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. मी खालांच्या मागं कपबशा घेऊन आत गेलो. चुलीपुढं बसता बसता त्यांनी हळूच दाराकडं बघितलं.

"बेटा, ते कोंबडीचं खोटं हाय."

मी कपबशा खाली ठेवल्या.

"कोंबडी होती. झाडावर बसलीबी होती. पर ती पोरायनं दगडं मारून उतरवली. सिस्टर त्या दिवशी घरीच न्हवत्या." खालांनी पदरानं तोंड पुसलं. "काय करू? जेवढं खरं होतं तेवढं सगळं सांगून झालं. सिस्टर काय खायच्या, काय गायच्या, कुणाशी भांडल्या, जयंतीच्या मिरवणुकीत कशा नाचल्या, सगळं. मानूस लई असला तरी सरतो की सांगून. पर ते रोज येतेत. असे हात ठेवून बसतेत आन म्हणतेत, खाला, आज काय. रिकाम्या हातानं कसं लावून देऊ?"

"पण त्यांना कळलं तर?"

"कळू देऊ नको तू. नमाजाला बसते तवा मी अल्लाकडं माफी मागते, खोटं बोलले म्हणून. आन दुसऱ्या दिवशी ते आले की परत बोलते."

मी अंगणात आलो आणि अश्विनीला फोन लावला. तिनं उचलला. मी विचारलं, "तुला कोणतं औषध सोसत नाही?"

"काय?"

"म्हणजे गोळ्या, इंजेक्शन. काही ॲलर्जी वगैरे आहे का?"

ती काळजीनं म्हणाली, "काय झालंय? कुठं आहेस तू? घाटात काही झालं का?"

"काही नाही. धारूरला आहे. घर बघायला आलोय. आपल्या दोघांचं."

ती म्हणाली, "मी 'चालेल' म्हणाले होते ना, ते मला चालणार नव्हतं." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. रडत होती की काय, मला अजूनही माहीत नाही. विचारलं तर नाही म्हणते.

आम्ही धारूरलाच घर घेतलं, सरांच्या गल्लीच्या पुढच्या गल्लीत. वडील दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होते. आई अजूनही मी रोज शाळेत पोचलो की फोन करते. अश्विनी केजला जाते, मी घाट उतरतो. कधी पावसात दरड येते आणि मी उशिरा पोचतो, कधी संध्याकाळी गाड्या अडकल्या की ताटं झाकून ती वाट बघत बसते आणि आल्यावर माझ्यावर खेकसते. भांडणं होतात. ती बोलते, मी बोलतो. सरांच्या शब्दांत, चांगलं हाय.

सरांचा मात्र पुढं एकेक दिवस तसाच गेला. सकाळी घाट उतरायचा, शाळेत भूगोल, नव्या माणसाला खोली, संध्याकाळी घाट चढायचा आणि खालांचा ओटा. खालांच्या गोष्टीही चढत गेल्या. शीलाबाईंनी एकदा माजोरी वानराला केळ्याऐवजी गोळी चारून झोपवलं. एकदा बंद पडलेल्या जीपला धक्का मारत सगळी वरात गावात आणली. एकदा तर त्यांनी म्हणे ट्रॅक्टर चालवला. हे ऐकताना मी खालांकडे बघायचं टाळायचो, खाला माझ्याकडे बघायचं टाळायच्या, आणि सर गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहायचे.

यंदा सर निवृत्त झाले. शाळेत निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. जो तो उठून डोंगरे सरांनी आपल्यासाठी फरशीवर कसं लोळण घेतलं ते सांगत होता आणि सगळे हसत होते. मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं भाषणात जाहीर केलं, की आता बाबा आमच्याकडे येणार, पुण्याला, लिफ्ट असलेल्या घरात. टाळ्या पडल्या. सर खाली मान घालून शालीची घडी करत होते.

मुलगा त्याची गाडी घेऊन पुढे गेला. सरांना मात्र एस्टीनंच यायचं होतं. आम्ही दोघं धारूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवस मावळायचा होता. सर बाकड्यावर बसले.

"पुण्याला कधी निघायचं?" मी विचारलं.

"मी जात न्हाई. पोराला सांगतो सावकाश. नातवाला बघायला जाईन अधूनमधून." मग म्हणाले, "शेटे सर, ते ट्रॅक्टरचं खरं वाटलं का तुमाला?"

मी गडबडलो. "म्हणजे... असेल की."

"उगा माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलू नका. खाला मनानं रचून सांगत्यात. मला लई दिवसापासून कळतंय. कोंबडीच्या आधीपासून."

मी न राहवून म्हणालो, "मग तुम्ही तसं म्हणत का नाही त्यांना?"

"म्हणणार होतो. एकदा तोंडापर्यंत आलतं. म्हणावं, खाला, बास करा, माझी शीला असली न्हवती." ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत होते. "मग वाटलं, असली न्हवती हे कुणाच्या भरवशावर म्हणू? चढलीबी असंल झाडावर. मला कुठं ठाऊक हाय?"

एक गाडी लागली, तिच्यातली माणसं उतरून पांगली. सर उठले. शाल खांद्यावर टाकली, खालांसाठी राखून ठेवलेला पेढ्यांचा पुडा काखेत धरला आणि घराच्या वाटेला लागले. उशीर झाला होता म्हणून जरा भरभरच चालत होते.